कर्वेनगरातली चेरोकी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दुकानातल्या काउंटरखाली एका डब्यात सुटे स्क्रू जमत जातात, तसे ते जमतात. कुठल्या मशीनचे, कधी निघाले, काही आठवत नाही, पण टाकवत नाहीत. बुधवार पेठेत माझं स्पीकर, माइक आणि अॅम्प्लिफायरचं दुकान आहे. तिथे दिवसभर माणसं येतात, पण "कमी होईल का?" याखेरीज काही बोलत नाहीत. माझे किस्से सगळे रविवारचे, एका भाषेच्या वर्गातले. भाषा चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भाषा. वर्ग कर्वेनगरात, दुसरा मजला, लिफ्ट बंद.

हे सांगितलं की लोक विचारतात, "उपयोग काय?" आमच्यापैकी कुणालाही याचं उत्तर सापडलेलं नाही. आम्ही शोधलेलंही नाही.

*

सुरुवात दुकानातच झाली. पेंडसे मॅडम आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज.

"आवाज मोठा करणारं काहीतरी हवंय."

"कुणाचा आवाज?"

"सगळ्यांचाच."

मॅडम कॉलेजात भाषाविज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण शिकवायच्या थांबल्या नाहीत. डावा कान गेलेला, उजवा त्याच वाटेवर. कानातलं यंत्र होतंच, पण वर्गात सगळे एकदम बोलले की ते गोंधळतं, म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, उजवा अजून थोडे दिवस चालेल. तो चालतोय तोवर मला एक काम उरकायचंय."

मला वाटलं, नातीचं गाणं वगैरे ऐकायचं असेल. सहज विचारलं, "कसलं काम?"

"चेरोकीत 'मी तुला' हे सगळं एका उपसर्गात बसतं. क्रियापदाच्या आधी तो लावायचा. मी तुला पाहते, मी तुला सांगते, मी तुला ओळखते. उच्चार साधारण आपल्या 'गं'सारखा. आयुष्यभर मी तो वाचला, शिकवला, परीक्षेत विचारला. पण मला उद्देशून तो कुणी कधीच म्हटलेला नाही. कान जायच्या आत एकदा ऐकायचाय."

"इंटरनेटवर असेल की!"

"भरपूर आहे. ते सगळे जगाशी बोलतात. माझ्याशी नाही."

मी किंमत कमी केली. न विचारता कमी करायची ही माझी पहिलीच वेळ. रविवारी मशीन बसवायला त्यांच्या घरी गेलो तर वर्ग चालू होता. मॅडम म्हणाल्या, "उभे का? बसा." तेव्हापासून बसतोय.

*

वर्गात आम्ही चौघं. मी धरून. बाकी तिघांत वयानं मोठे खरे काका. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेत. कुठल्याही मुद्द्यावर ते थेट येत नाहीत, पेशवाईतून वळसा घालून येतात.

एकदा मॅडम सांगत होत्या, की चेरोकीचं क्रियापद म्हणजे अख्खं वाक्य असतं. कुणी केलं, कुणाला केलं, इकडे केलं की तिकडे, पुन्हा केलं का, सगळं त्या एका शब्दातच. पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय.

काकांना हे पटलं नाही. का पटलं नाही ते त्यांनी सांगायला घेतलं. चहा झाला, कप विसळून झाले, तरी सांगणं चालूच. शेवटी दम घेतला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काका, एवढं सगळं चेरोकीत एका शब्दात होतं."

"कुठला शब्द?"

"मला माहीत नाही. पण तो संपतो."

*

दत्ताभाऊ लोणी काळभोरचे. घरची भरपूर जमीन, पांढरा कडक शर्ट, आवाज असा की त्यांना माइक लागत नाही. ते वर्गात आले ते चुकून. मुलीच्या कॉलेजसाठी त्याच बिल्डिंगमधला फ्लॅट बघायचा होता. एजंट म्हणाला, दुसऱ्या मजल्यावर थांबा. दुसऱ्या मजल्यावर दार उघडं, आत माणसं बसलेली, समोर फळा. भाऊंना वाटलं, सोसायटीची मीटिंग आहे. चपला काढून येऊन बसले.

तासभर त्यांनी मन लावून उपसर्ग ऐकले. शेवटी मॅडमनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

भाऊंनी हात वर केला. "पार्किंग मिळंल का?"

मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "चेरोकीत?"

फ्लॅट त्यांनी घेतला नाही. पण पुढच्या रविवारी दारात पुन्हा हजर! मी विचारलं, "भाऊ, आज काय काम?"

"काय न्हाय. मागल्या टायमाला पहिला अर्धा तास चुकला व्हता."

*

चेरोकीत 'आम्ही' एक नाही. तू आणि मी, हा एक. तो आणि मी, पण तू नाहीस, हा दुसरा. तुम्ही सगळे आणि मी, हा तिसरा. आणि आम्ही सगळे, तुम्ही सोडून, हा चौथा. प्रत्येकाचा उपसर्ग वेगळा. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना हे समजायला सहा-सहा महिने लागतात म्हणे. आम्हाला चहा गाळेपर्यंत समजलं. आपण आणि आम्ही यांतला फरक पुणेकराला शिकवावा लागत नाही.

त्याच दिवशी वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ डोकावले. मॅडमकडे बटाटेवडे तळले की ते वासावर खाली येतात.

"काय मॅडम, आपला नाश्ता झाला का?"

"आमचा झाला," मॅडम म्हणाल्या. "आपला अजून ठरलेला नाही."

गृहस्थ विचार करत वर निघून गेले. पुढच्या रविवारी घरून वड्यांची ताटली घेऊन आले आणि म्हणाले, "आता?"

मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली.

*

श्रद्धा वर्ध्याची. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये झोपते आणि रविवारी आमच्याकडे जागी असते.

देण्याघेण्याची क्रियापदं चालू होती. चेरोकीत 'दे' म्हणताना वस्तू कशी आहे ते क्रियापदातच सांगावं लागतं. जिवंत वस्तूला एक रूप, लवचीक वस्तूला दुसरं, लांब आणि ताठ वस्तूला तिसरं, पातळ पदार्थाला चौथं, उरलेल्या सगळ्याला पाचवं. आम्ही समोरच्या पिशवीतून एकेक वस्तू काढून वाटणी करू लागलो. पोळी लवचीक. शेवग्याची शेंग लांब आणि ताठ. दत्ताभाऊ म्हणाले, "आजची. परवाची असली तर लवचीकात टाका."

श्रीखंडावर भांडण झालं. काका म्हणाले पातळ, मी म्हणालो नाही. मॅडमनी वाटी उलटी करायला सांगितली. श्रीखंड पडलं नाही. काका म्हणाले, "हे तुमच्या डेअरीचं. आमच्या लहानपणचं पडायचं."

श्रद्धानं विचारलं, "मॅडम, माझा मॅनेजर कोणत्या गटात जाईल?"

"श्वास घेतो का?"

"सांगता येत नाही. त्याचा कॅमेरा बंद असते."

"मग उरलेल्यात."

*

आता आमच्या वर्गातल्या रिवाजाबद्दल. हा चेरोकी लोकांचा नाही, कर्वेनगरचाच आहे.

चेरोकीत भूतकाळाला दोन शेवट आहेत. जे तुम्ही स्वतः पाहिलं, अनुभवलं, त्याच्या क्रियापदाला एक प्रत्यय. जे दुसऱ्याकडून कळलं त्याला दुसरा. आम्हाला हे प्रत्यय काही केल्या अंगवळणी पडेनात, म्हणून मॅडमनी नियम केला. वर्गात मराठीतसुद्धा, पाहिलेली गोष्ट बसून सांगायची आणि ऐकीव गोष्ट उभं राहून.

खरे काकांचे हाल सुरू झाले. गुडघे दुखतात, आणि विषय इतिहास. लढाई आली की उभे, तह आला की उभे. एकदा वैतागून म्हणाले, "अहो, नोकरी होती तेव्हाही मी आयुष्यभर उभं राहूनच इतिहास शिकवला!"

"तेव्हाही बरोबरच होतं," मॅडम म्हणाल्या.

मग काकांनी युक्ती काढली. स्वतःच्याच आयुष्यातलं सांगायचं, म्हणजे बसता येईल. आरामात टेकून त्यांनी सुरुवात केली, "माझा जन्म झाला तेव्हा बाहेर असा पाऊस होता..."

"उठा."

"मॅडम, मी तिथे होतो!"

"आठवतंय?"

काका उठले.

*

श्रद्धानं हा नियम ऑफिसात सांगितला आणि ऑफिसातला आम्हाला. तिच्याकडे रोज सकाळी सगळी टीम गोल उभी राहते आणि काल काय काम झालं ते प्रत्येकजण सांगतो. याला स्टँडअप मीटिंग म्हणतात. बसायची परवानगी नसते.

"सगळेच उभे?" काकांनी विचारलं.

"सगळेच. मॅनेजर पण."

काकांना किती बरं वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "म्हणजे काम झालेलं कुणीच पाहिलेलं नाही!"

"हेच तर सांगून राहिली ना मी," श्रद्धा म्हणाली.

*

दत्ताभाऊ कधी वेळेवर येत नाहीत. सोलापूर रस्त्याला गर्दी असते हे खरं, पण गर्दीत यायलाही आधी घरातून निघावं लागतं. चेरोकीत बोलणाऱ्याच्या दिशेनं येणं आणि त्याच्यापासून लांब जाणं, यांना वेगळे उपसर्ग आहेत. ते शिकवायच्या दिवशी भाऊंचा पत्ता नव्हता. मॅडमनी मला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर.

"येतोय, येतोय!" भाऊ ओरडले. मागे भांडी आपटल्याचा आवाज.

"कुठून येताय?" मॅडमनी विचारलं.

"घरातनंच. पण म्याडम, तोंड तुमच्याकडं हाय."

मॅडमनी तो उपसर्ग फळ्यावर लिहिला आणि समोर उदाहरण म्हणून भाऊंचं नाव घातलं.

*

मी बसवलेल्या मशीनचं बटण सुरुवातीला तीनवर असायचं. मग पाचवर गेलं. उन्हाळा संपता संपता आमचा वर्ग पूर्ण बिल्डिंगला ऐकू जायला लागला. एक दिवस सोसायटीचे सेक्रेटरी आले. दारातूनच म्हणाले, "मॅडम, आवाज कमी करा."

"काय?"

"आवाज कमी करा!"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "यांचं ऐकू येत नाहीये. आवाज वाढवा."

आम्ही पोट धरून हसलो. सेक्रेटरीही हसले. घरी जाताना मात्र मला बरं वाटत नव्हतं. मी बटण वाढवलं होतं ते शेवटच्या आकड्यावर. त्याच्या पुढे काही नसतं, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. मॅडमनाही माहीत असावं. त्यांनी त्या दिवशी वर्ग लवकर सोडला आणि दारात मला विचारलं, "यापेक्षा मोठं मशीन येतं का हो?" मी म्हणालो, येतं. येतं, पण लग्नाच्या मांडवात लावतात.

मी हे श्रद्धाला सांगितलं, त्या 'मी तुला'च्या उपसर्गासकट. महिनाभर बसमध्ये न झोपता तिनं कुठले कुठले ग्रुप धुंडाळले आणि एका रविवारी म्हणाली, "एक बाई भेटली. ओक्लाहोमाची. तिची आई घरात चेरोकीच बोलते. आई व्हिडिओ कॉलवर यायला तयार आहे, म्हणते."

मॅडमनी फक्त विचारलं, "कधी?"

*

त्यांची सकाळ, आपली संध्याकाळ. मी दुकान लवकर बंद करून सगळ्यात चांगला स्पीकर आणला आणि मॅडमच्या उजव्या बाजूला, अगदी कानाशी ठेवला. पंखा बंद. फ्रिज बंद. वड्यांना मनाई. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना हात जोडून सांगितलं, की तासभर चालू नका. ते म्हणाले, "मी पलंगावरच बसतो." काकांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता. आणि दत्ताभाऊ आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी आले, शाल आणि नारळ घेऊन!

"हे कशाला?" मी विचारलं.

"एवढी मोठी बाई आपल्याशी बोलणार. सत्कार नको?"

"ती अमेरिकेत आहे, भाऊ. देणार कसं?"

"दाखवू की."

इथे मॅडमना शंका आली. दाखवताना 'हे घ्या' म्हणायला हवं. पण शाल लवचीक, नारळ उरलेल्यातला. दोन क्रियापदं लागणार. काका म्हणाले, नारळ शालीत गुंडाळा, म्हणजे एकच लागेल. मॅडम म्हणाल्या, गुंडाळला तरी आत नारळ आहे हे आपल्याला माहीत आहे. भाऊ म्हणाले, नारळात पाणीसुद्धा हाय. मग पातळाचा गट निघाला. आवाज चढले. मी नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला.

"हॅलो?" स्पीकरमधून आवाज आला.

कॉल केव्हाच जोडला गेला होता. पडद्यावर चौकड्यांच्या स्वेटरमधल्या एक आजी हातात कॉफीचा मग घेऊन आमच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या मागे त्यांची मुलगी तोंडावर हात धरून उभी होती. किती वेळ बघत होत्या, देव जाणे.

आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं, की इतके दिवस उपसर्ग आणि प्रत्यय पाठ केले, पण चेरोकीत नमस्कार कसा करतात ते आमच्यापैकी कुणीच शिकलेलं नाही. मॅडमनीही आमच्याकडे बघितलं. व्याकरणाच्या पुस्तकात नमस्काराचं प्रकरण नसतं. काकांनी हात जोडले. भाऊंनी शाल उलगडून कॅमेऱ्यासमोर धरली, त्यामुळे पडद्यावर बराच वेळ फक्त शाल दिसली.

मुलगी इंग्रजीत म्हणाली, की श्रद्धानं सगळं कळवलंय आणि मॅडमना काय ऐकायचंय ते आईला माहीत आहे. मग तिनं आईच्या खांद्याला हात लावला.

आजींनी हातातला मग खाली ठेवला. कॅमेऱ्याच्या जवळ आल्या. आमच्या चौघांकडे त्यांनी बघितलंच नाही. त्या मॅडमकडे बघत होत्या. आणि एक शब्द बोलल्या. लांब, मध्ये कुठेतरी उंच चढून खाली आलेला. सुरुवातीचा तो 'गं' मलासुद्धा ऐकू आला.

मॅडमनी कानामागे हात धरला. "अगेन, प्लीज."

आजी पुन्हा बोलल्या.

"अगेन."

मी बटणाकडे बघितलं. शेवटच्या आकड्यावर होतं. वायर काढून पुन्हा खोचली. आजी पुन्हा बोलल्या. मॅडमचा हात कानामागून हलला नाही. "अगेन, प्लीज." मी स्पीकर उचलला आणि हातात धरून त्यांच्या कानाला जवळजवळ टेकवला. एवढी वर्षं मी आवाज विकतोय, सभा केल्या, मांडव केले, आणि आज एका बाईच्या कानापर्यंत एक शब्द मला पोचवता येत नव्हता. मला रडू येईल असं वाटलं. मागे श्रद्धा हळूच त्या मुलीला सांगत होती, "सॉरी, त्यांना कमी ऐकू येतं." दत्ताभाऊंनी शाल छातीशी धरली होती.

आजी कंटाळल्या नाहीत. आधी त्या प्रत्येक वेळी जरा सावकाश म्हणत होत्या. मग नेहमीसारखं म्हणायला लागल्या. मग हसत हसत म्हणायला लागल्या. "अगेन," मॅडम म्हणत होत्या, आणि आजी म्हणत होत्या.

शेवटी काकांना राहवेना. ते मॅडमच्या उजव्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "मॅडम, आता तरी ऐकू आलं का?"

मॅडमनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"पहिल्याच वेळी आलं होतं," त्या म्हणाल्या. "मध्ये बोलू नका."